रस्त्याला शिफारसपत्र कशाला?

पालकमंत्री साडेदहाला येणार होते, पण विश्रामगृहाच्या व्हरांड्यातल्या खुर्च्या आठपासूनच भरल्या होत्या. आमच्या सरपंचताई भिंतीला टेकून उभ्या होत्या, हातात प्लास्टिकचं फोल्डर. त्यात ग्रामसभेचा ठराव, वस्तीकडे जाणाऱ्या रस्त्याचे चार फोटो, शाखा अभियंत्याने करून दिलेलं अंदाजपत्रक आणि सगळ्यांत वर, वेगळ्या पारदर्शक पिशवीत, आमदारांचं शिफारसपत्र. ठराव चुरगळला तरी चालतो, पत्राला घडी पडता कामा नये, हे त्यांना सरपंच झाल्यावर वर्षभरातच कळलं होतं. सव्वाअकराला स्वीय सहायकाने फोल्डर घेतलं. ठराव उलटला, फोटो उलटले, पत्राचा जावक क्रमांक पाहिला आणि विचारलं, "ताई, गावातून लीड किती होतं?"

त्या रस्त्याने किती मुलं शाळेत जातात, पावसाळ्यात ॲम्ब्युलन्स कुठपर्यंत येते, बाळंतिणीला कुठून उचलून आणावं लागतं, हे सगळं ताई पाठ करून आल्या होत्या. त्यातलं काहीच कुणी विचारलं नाही. त्या खरं बोलल्या. आमच्या गावात मतांचं लीड दुसऱ्या बाजूला होतं. "बघू," म्हणून त्याने फोल्डर परत दिलं.

मला त्याचा राग आला. पण परतीच्या एसटीत ताई जे बोलल्या ते जास्त लागलं. बराच वेळ गप्प बसून त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी गावाला नीट समजावून सांगावं लागेल." काय समजावून सांगायचं, हे मी विचारलं नाही.

मत गुप्त असतं असं आपण शाळेत शिकतो. एका माणसाचं मत गुप्त असतं, गावाचं नसतं. प्रत्येक केंद्रावर कुणाला किती मतं पडली, हे निकालानंतर फॉर्म २० मध्ये जाहीर होतं. सातशे-आठशे मतदारांच्या गावात एकच केंद्र असेल तर त्या तक्त्यातून आख्ख्या गावाचा कल उघडा पडतो. अनेक केंद्रांची मतं एकत्र करून मोजणारं टोटलायझर नावाचं यंत्र वापरावं, म्हणजे गावांवर सूड उगवता येणार नाही, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. केंद्र सरकारने तो मानला नाही. बूथनिहाय आकडे असले की पक्षांना कुठे कमी पडलो ते कळतं, असा युक्तिवाद झाला. त्या आकड्यांचा आणखी काय उपयोग होतो, ते मी व्हरांड्यात पाहिलं आहे.

या विषयावर बोलताना आपण लगेच भ्रष्टाचाराकडे वळतो. टक्केवारी, ठेकेदार, कागदावरच झालेला रस्ता. ते सगळं आहेच. पण समजा उद्या एकही रुपया कुणी खाल्ला नाही, प्रत्येक रस्ता अंदाजपत्रकाप्रमाणे जाड झाला, तरी ताईंना विचारलेला प्रश्न तसाच राहील. सार्वजनिक पैसा कोणत्या गावाला मिळणार हे एका माणसाच्या मर्जीवर आणि गावाच्या मतदानावर ठरत असेल, तर त्यातला प्रत्येक पैसा चोख खर्च होऊनही अन्याय शिल्लकच राहतो. मला बोलायचं आहे ते याबद्दल.

पैसा येतो कसा, ते बघा. राज्याच्या अर्थसंकल्पात जिल्हा वार्षिक योजनेची तरतूद असते. २०२५-२६ साठी सर्वसाधारण योजनेत ती २०,१६५ कोटी रुपये होती. ही रक्कम जिल्ह्याजिल्ह्यांत वाटताना लोकसंख्या, क्षेत्रफळ, मानव विकास निर्देशांक असे निकष लावले जातात. त्या निकषांबद्दल भांडण होऊ शकतं, पण ते निकष आहेत आणि कागदावर आहेत. पैसा जिल्ह्याच्या वेशीपर्यंत नियमाने येतो. वेशीच्या आत शिरला की नियम संपतो आणि यादी सुरू होते. कोणत्या तालुक्याला किती, कोणत्या गावाला कोणतं काम, हे पालकमंत्र्यांच्या बैठकीत ठरतं. खरं तर बैठकीच्या आधीच ठरतं आणि बैठकीत त्याला मान्यता मिळते. सरपंचांच्या तोंडी त्यामुळे एक शब्दप्रयोग रुळला आहे: आपलं काम यादीत टाकून घ्या.

जिल्हा योजनेच्या पलीकडे मंत्रालयातून थेट येणारा निधी आहे. गावोगाव ज्याला पंचवीस-पंधरा म्हणतात, त्या २५१५ या लेखाशीर्षाखालच्या, म्हणजे सरकारी हिशेबातल्या त्या क्रमांकाच्या खात्यातल्या, योजनेच्या नावातच लोकप्रतिनिधींनी सुचवलेली कामं असा उल्लेख आहे. ग्रामसभेने सुचवलेली कामं, असं नाव कुणाला सुचलं नाही. रस्त्यांसाठी ३०५४ आणि ५०५४ ही लेखाशीर्षं, नगरपालिकांसाठी वैशिष्ट्यपूर्ण कामांचा निधी, आणि दर अधिवेशनात पुरवणी मागण्यांतून येणाऱ्या ठोक तरतुदी. ठोक तरतूद म्हणजे विधिमंडळाने रक्कम मंजूर केली, पण ती कुठे जाणार हे न विचारता. ते नंतर, खात्यात, पत्रं बघून ठरतं. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात शोधलं तर आपल्या गावाचं नाव सापडत नाही, आणि काम कुणाला का मिळालं नाही याचं कारण कोणत्याच कागदावर नसतं.

पालकमंत्री हा शब्द राज्यघटनेत नाही. घटनेत आहे ती जिल्हा नियोजन समिती. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद २४३-झेडडीनुसार या समितीचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी, आपल्यातून निवडायचे असतात. गावं आणि शहरं एकत्र बसतील, आपल्या योजना जोडतील, त्यातून जिल्ह्याचा आराखडा तयार होईल, अशी ती कल्पना. अध्यक्ष कसा निवडायचा, हे मात्र घटनेने राज्यांवर सोडलं. महाराष्ट्राने १९९८ मध्ये कायदा केला, आणि अध्यक्षाची खुर्ची पालकमंत्र्याला, सदस्य सचिवाची जिल्हाधिकाऱ्याला दिली. म्हणजे खालून वर जाण्यासाठी बांधलेल्या जिन्याच्या वरच्या पायरीवर मुंबईहून नेमलेला माणूस बसला.

पुढे त्या जिन्याच्या खालच्या पायऱ्याही गेल्या. २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची आणि महापालिकांची मुदत संपली. प्रभागरचना, ओबीसी आरक्षण यांवरून निवडणुका लांबत गेल्या आणि प्रशासक बसले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असं सांगितलं, तोवर तीन वर्षं उलटली होती. या काळात नियोजन समित्यांचं काय झालं असेल? चार पंचमांश सदस्य ज्या सभागृहांतून यायचे ती सभागृहंच नव्हती. उरले मंत्री, जिल्हाधिकारी, नामनिर्देशित आणि निमंत्रित. तरी बैठका झाल्या, आराखडे मंजूर झाले, कोट्यवधी रुपये वाटले गेले.

पालकमंत्र्याचा अधिकार किती मोठा आहे, हे ते पद रिकामं असतं तेव्हा कळतं. जून २०२२ च्या शेवटी राज्यात सरकार बदललं. जुलैच्या पहिल्याच आठवड्यात नव्या सरकारने त्या वर्षीच्या जिल्हा योजनेतल्या मंजूर कामांना, नवे पालकमंत्री येईपर्यंत, स्थगिती दिली. नवे पालकमंत्री नेमले गेले २४ सप्टेंबरला. म्हणजे अख्खा पावसाळा गेला. त्या नेमणुकीत एकट्या देवेंद्र फडणवीसांकडे सहा जिल्हे होते: नागपूर, वर्धा, अमरावती, अकोला, भंडारा आणि गडचिरोली. जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा पालकमंत्र्यांची यादी निघाली, आणि दुसऱ्याच दिवशी रायगड आणि नाशिक या दोन जिल्ह्यांच्या नेमणुका थांबवाव्या लागल्या, कारण सत्तेतल्या मित्रपक्षांमध्ये त्यावरून भांडण पेटलं. घटनेत नसलेल्या पदासाठी मित्रपक्ष इतके हातघाईवर का येतात, याचं उत्तर त्या २०,१६५ कोटींत आहे.

मुंबईत हेच आणखी उघडपणे झालं. मार्च २०२२ नंतर महापालिकेत नगरसेवक नव्हते. त्यांच्या वाट्याचा निधी आमदारांनी सुचवलेल्या कामांवर, पालकमंत्र्यांच्या मार्फत, देण्याची पद्धत २०२३ मध्ये सुरू झाली. जानेवारी २०२४ मध्ये एका इंग्रजी दैनिकाने कागदपत्रांच्या आधारे जे छापलं ते असं: शहरात ३६ आमदार, सत्ताधारी बाजूच्या २१ जणांच्या मतदारसंघांसाठी सुमारे ५०० कोटी रुपये मंजूर, विरोधी बाजूच्या १५ पैकी ११ जणांनी मागणी करूनही शून्य. वरळीचा, धारावीचा, मानखुर्दचा माणूस महापालिकेला कर भरताना कोणत्या पक्षाला मत दिलं ते सांगत नाही. त्याच्या गटाराचा निधी मात्र त्यावर अडला.

आणि हे एकाच बाजूचं पाप आहे असं कुणी समजू नये. २०२२ मध्ये शिवसेनेचे आमदार बाहेर पडले तेव्हा त्यांच्या तक्रारींत, अर्थखातं दुसऱ्या पक्षाकडे आहे आणि आम्हाला निधी मिळत नाही, ही तक्रार ठळक होती. तेव्हा सरकार दुसऱ्या आघाडीचं होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये बारामती तालुक्यातल्या माळेगाव नगरपंचायतीच्या प्रचारात, तेव्हा अर्थखातं सांभाळणाऱ्या अजित पवारांनी मतदारांना जाहीरपणे सांगितलं की मतं तुमच्या हातात आहेत आणि निधी माझ्या हातात. तुम्ही काट मारलीत तर मीही मारेन. त्यावर टीका झाली, पण आश्चर्य फारसं कुणाला वाटलं नाही. व्हरांड्यात हळू आवाजात विचारलं जातं तेच माईकवर बोललं गेलं, एवढंच.

पक्षांतराशी याचा संबंध आपण पुरेसा जोडत नाही. पक्ष सोडणारा प्रत्येक आमदार सांगतो, मतदारसंघाच्या विकासासाठी सत्तेसोबत गेलो. आपण ते थोतांड म्हणून सोडून देतो. मला ते अर्धं खरं वाटतं, आणि म्हणूनच जास्त गंभीर वाटतं. विरोधी बाकावर पाच वर्षं बसलेल्या आमदाराला गावागावांत एकच प्रश्न ऐकावा लागतो: आमच्यासाठी काय आणलं? कायदा काय केला, सभागृहात काय विचारलं, हे कुणी विचारत नाही. निधी खेचून आणणं हेच लोकप्रतिनिधीचं काम, हे आपण सगळ्यांनी मान्य करून टाकलं आहे. गावाच्या वेशीवरच्या फलकांवर ज्यांच्या अथक प्रयत्नांतून असं लिहिलेलं आपण वाचतो आणि पुढे जातो. अशा व्यवस्थेत विरोधी पक्षात राहणं ही मतदारांना दिलेली शिक्षा ठरते. पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीत कितीही दुरुस्त्या केल्या, तरी तिजोरीची किल्ली ही अशी एका बाजूला असेल तोवर आमदार तिकडे सरकत राहणार.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. पैसा कुठे खर्चायचा हे लोकांनी निवडून दिलेल्यांनी ठरवायचं नाही, तर कुणी? अधिकाऱ्यांनी? लोकशाहीत राजकारण नको म्हणणारे लोक शेवटी बाबूंच्या हाती सत्ता देतात. शिवाय सूत्र आंधळं असतं. कोणत्या पुलाला तडा गेलाय ते लोकसंख्येच्या आकड्यात दिसत नाही, ते आमदाराला फिरताना दिसतं.

यातलं पहिलं मला पूर्ण मान्य आहे. पैशाचं वाटप राजकीयच असलं पाहिजे. रस्त्यांवर जास्त खर्च करायचा की दवाखान्यांवर, मागास तालुक्यांना दीडपट द्यायचं की दुप्पट, शहरांना किती आणि खेड्यांना किती, हे भांडण सभागृहात व्हावं, जोरात व्हावं, आणि ज्याचं बहुमत त्याच्या मताप्रमाणे ठरावं. त्यासाठीच तर आपण मत देतो. पण नियम ठरवताना गावांची नावं समोर नसावीत. ज्या तालुक्यांत पाणंद रस्ते कमी त्यांना आधी, असा नियम मंत्र्यांनी केला तर तो राजकीय निर्णय आहे आणि त्यावर त्यांना जाब विचारता येतो. नियम न करता नावं निवडली, तर जाब विचारणार कशावरून? तडा गेलेल्या पुलासाठी थोडी राखीव रक्कम हवी हे खरं. ती राखीव म्हणूनच असावी, लहान असावी, आणि कोणता पूल, कशासाठी, हे कारणासह जाहीर व्हावं.

आमदार निधीबद्दल मात्र माझं मत बदललं आहे. खासदार निधी १९९३ च्या डिसेंबरात जाहीर झाला, आज तो वर्षाला ५ कोटींवर आहे. महाराष्ट्रात आमदारांचा स्थानिक विकास निधीही मार्च २०२२ मध्ये ५ कोटींवर गेला. कायदे करणाऱ्याने गटारं मंजूर करू नयेत, हे तत्त्व मला पटतं. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००७ मध्ये दोन्ही निधी बंद करा असंच सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये खासदार निधी वैध ठरवला. मी अनेक वर्षं बंद करा या बाजूला होतो. आता वाटतं, सगळ्या वाटपात हाच निधी त्यातल्या त्यात बरा. कारण तो सत्ताधाऱ्याला आणि विरोधकाला सारखा मिळतो, आणि किती मिळणार हे आधी माहीत असतं. विरोधी आमदाराच्या हाती हक्काचं जे उरतं, ते एवढंच. आधी तो बंद केला आणि बाकीचं तसंच ठेवलं, तर मर्जीची सत्ता वाढेल.

नियमाने पैसा वाटता येत नाही असं म्हणणाऱ्यांनी महाराष्ट्राचाच इतिहास पाहावा. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना १९६५ मध्ये तासगाव भागात प्रयोग म्हणून सुरू झाली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. त्यात काम हा मागणाऱ्याचा हक्क होता. मजुराने मागणी केली की काम काढायचं. त्यासाठी व्यवसाय कराचा पैसा बाजूला काढून ठेवलेला. त्यातही गैरव्यवहार झाले, हे मी लपवत नाही. पण हाताला काम मागण्यासाठी बाईला कुणाचं पत्र आणायला सांगितलं, तर ते कायद्याविरुद्ध होतं. १९८४ मध्ये वि. म. दांडेकर समितीने विभागवार मोजणी करून ३,१८६ कोटींचा अनुशेष मांडला आणि अनुशेष हा शब्द घराघरांत गेला. विदर्भ आणि मराठवाड्याला त्यानंतर मागायला आकडा मिळाला. त्या आकड्यामागे उभी राहिलेली वैधानिक विकास मंडळं १९९४ मध्ये आली आणि ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. मुदतवाढ मिळाली नाही. त्यासाठी फार कुणी रस्त्यावर उतरलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

वित्त आयोगाचा निधीही असाच. २०१५ पासून तो लोकसंख्या आणि क्षेत्रफळ बघून थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येऊ लागला. १५ व्या वित्त आयोगाने त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला, त्याबद्दल गावांची कुरकुर आहे आणि ती रास्त आहे. पण आमच्या ताईंना या पैशासाठी कधी विश्रामगृहात उभं राहावं लागलं नाही. रक्कम किती येणार हे त्यांना माहीत असतं, ग्रामसभेत काय करायचं यावर भांडण होतं, आणि ते भांडण गावातलं असतं. त्याच बाईचा, त्याच गावात, दोन प्रकारच्या पैशासमोर उभं राहण्याचा नूर किती वेगळा असतो, ते मी पाहिलेलं आहे. एकीकडे ती अध्यक्षस्थानी असते.

केरळने हे बरंच पुढे नेलं. १९९६ च्या लोकयोजना मोहिमेत तिथे राज्याच्या योजना खर्चातला ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांना देण्याचं ठरलं. कोणत्या पंचायतीला किती, हे अर्थसंकल्पासोबतच्या चौथ्या परिशिष्टात संस्थेच्या नावासह छापलं जातं. पंचायत डाव्यांची असो की काँग्रेसची, आकडा अर्थसंकल्पाच्या दिवशीच कळतो. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. सरकारला पैशाची चणचण झाली की हप्ते लांबतात. पण हप्ता लांबला तर सगळ्यांचाच लांबतो.

मग महाराष्ट्रात काय मागायचं? मला सगळ्यांत आधी हवं आहे ते परिशिष्ट. जिल्हा योजनेतल्या आणि ठोक तरतुदींतल्या गावपातळीवरच्या कामांचा मोठा हिस्सा ग्रामपंचायतनिहाय, नगरपालिकानिहाय सूत्राने वाटलेला, अर्थसंकल्पासोबत छापलेला. दुसरं, नियोजन समितीचा अध्यक्ष तिच्या निवडून आलेल्या सदस्यांनी निवडावा. त्यासाठी घटनादुरुस्ती नको, १९९८ च्या कायद्यात बदल पुरे. मंत्री बैठकीला यावेत, बोलावेत, राज्याचं म्हणणं मांडावं. तिसरं, सरकार बदललं म्हणून मंजूर कामाला स्थगिती द्यायची असेल तर प्रत्येक कामामागे लेखी कारण असावं. तेवढं लिहायचा कंटाळा आला तरी बऱ्याच स्थगित्या टळतील. आणि टोटलायझरचा प्रश्न पुन्हा उठवायला हवा. गावाचं मत झाकलं गेलं तर व्हरांड्यातल्या त्या प्रश्नाला उत्तरच उरणार नाही.

यातलं काहीही सत्ताधारी आपणहून देणार नाहीत, विरोधकही सत्तेत येईपर्यंतच मागतील. मागणी गावातून यायला हवी, आणि तिथेच अडचण आहे, कारण ज्यांनी मागायचं त्यांचं काम यादीत अडकलेलं असतं. हा लेख लिहिण्याआधी मी ताईंना विचारलं, तुमच्या रस्त्याबद्दल लिहू का? त्या म्हणाल्या, "लिहा भाऊ, पण गावाचं नाव नका घालू. पत्र पुन्हा दिलंय मी. मार्चच्या यादीत बघतो म्हणालेत."